पेठांचे रस्ते चालण्यासाठी झाले

पुण्याच्या जुन्या पेठांतल्या वाहतुकीची चर्चा गेली कित्येक वर्षे एकाच वाक्यापासून सुरू होते: रस्ते अरुंद आहेत. त्यापुढची वाक्येही ठरलेली आहेत. रस्ते रुंद करा, एकेरी करा, वाहनतळ बांधा. हे रस्ते मुळात कशासाठी झाले होते आणि त्या कामाला ते कधी अपुरे पडले का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. इतिहास पाहिला तर उत्तर स्पष्ट मिळते. कसबा, शनिवार, बुधवार, रविवार, शुक्रवार, सदाशिव या पेठा माणसांनी पायी फिरण्याच्या हिशेबाने वसल्या. पायी येणाऱ्या गिऱ्हाइकावर इथला बाजार वाढला, आणि आजही इथल्या दुकानात शिरणारा माणूस, गाडी कुठेही लावली तरी, शेवटचा टप्पा चालतच येतो. शहराचा मध्यभाग चालणाऱ्यांसाठी मोकळा करणे म्हणजे परदेशातून आणलेली हौस आहे, असे बोलले जाते. मला ते पटत नाही. वस्ती ज्या हिशेबाने बांधली गेली त्या हिशेबाकडे परत जाण्याची ही गोष्ट आहे, आणि व्यापार, सुरक्षितता व रहिवाशांचे रोजचे आयुष्य या तिन्ही बाजूंनी ती फायद्याची आहे, असे माझे म्हणणे आहे.

कसबा पेठ सगळ्यांत जुनी. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी केली, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, आणि मराठी राज्याच्या कारभाराचे ठिकाण बनलेल्या या गावात अठराव्या शतकात पेठांमागून पेठा वसत गेल्या. जुन्या मलकापूरची रविवार पेठ झाली, शहापूरची सोमवार पेठ झाली. सदाशिव, नारायण, नाना, रास्ता, घोरपडे या पेठांची नव्याने भर पडली. नवी पेठ वसवताना शेटे-महाजन नेमायचे, येणाऱ्या व्यापाऱ्यांना काही वर्षे करात सूट द्यायची आणि वस्ती जमू द्यायची, अशी रीत होती. त्यामुळे प्रत्येक पेठेला आपापला बाजार, आपापले देऊळ आणि आपापले कारागीर मिळाले. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यांवर ठोके पडत, आणि ती भांडी विकत घेणारे गिऱ्हाईक चार आळ्या ओलांडून येई. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात पाणी आले, ते मुख्यतः ठिकठिकाणच्या हौदांत. हौद घरापासून थोड्या चालीवर असेल तरच डोक्यावर हंडा घेऊन पाणी भरणे जमणार, म्हणून हौदांची जागाही पायांनीच ठरवली. शनिवारवाड्यापासून आजच्या मंडईपर्यंतचे अंतर जेमतेम एक किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात राज्याचा कारभार, सावकारी, धान्य, कापड, भांडी आणि देवळे सगळे मावले होते.

मालाची ने-आणही पुष्कळशी चाकांवर होत नव्हती. दख्खनच्या घाटवाटांनी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून येत. बोरघाटातून चाकाची गाडी सहज चढू-उतरू लागली ती १८३० मध्ये, सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत घाटाचा बांधीव रस्ता खुला झाल्यावर. आणि तेव्हा पेशवाई जाऊन बारा वर्षे झाली होती. पेठांतले बोळ पडले तेव्हा समोरासमोरून येणारी लादलेली जनावरे, एखादी पालखी, एखादा घोडा आणि कडेने चालणारी माणसे एवढ्यांनाच वाट द्यायची होती. त्या कामाला ते पुरेसे होते. वाड्याचा ओटा रस्त्याला लागून असे, त्यावर बसून बोलता येई, कारण ओट्यापुढून जाणारा माणूस बोलण्याच्या वेगानेच जात असे. पत्ते सांगण्याची पद्धतही त्याच वेगाची. उंबऱ्या गणपती, सोन्या मारुती, पत्र्या मारुती, खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा या खुणा चालणाऱ्याच्या नजरेला पडाव्यात इतक्या लहान आणि इतक्या जवळजवळ आहेत.

१८१८ नंतर राजधानीपण गेले, पण पेठांची चाल बदलली नाही. १८५८ मध्ये पुण्याला रेल्वे आली आणि त्याच वर्षी नगरपालिका स्थापन झाली. भाजीबाजार तोवर शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरत असे. तो हलवण्यासाठी शुक्रवार पेठेत बांधलेली मंडई १८८६ मध्ये सुरू झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. या इमारतीवर मोठा खर्च करण्याला जोतीराव फुले यांनी विरोध केला होता, कारण तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर जावा अशी त्यांची भूमिका होती. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव लागले. जागेची निवड मात्र अचूक ठरली. मंडई पेठांच्या मधोमध आली, म्हणजे कुठल्याही पेठेतून पिशवी घेऊन चालत निघालेला माणूस थोड्या वेळात तिथे पोचेल. मग टांगे आले, विसाव्या शतकात सायकली आल्या आणि पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. सायकलीने चालणाऱ्याला रस्त्यावरून हाकलले नाही. ती हलकी होती, फारशी जागा अडवत नव्हती, आणि बोळात समोरून कोणी आले की उतरून हाताने धरता येत होती.

फरक पडला तो इंजिनामुळे, आणि तोही एकदम नाही. विसाव्या शतकात लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता हे दाट वस्तीतून जाणारे मोठे रस्ते मोटारीच्या वाहतुकीचे मुख्य मार्ग बनले. साठच्या दशकात आकुर्डीला बजाजचा कारखाना उभा राहिला. बरीच वर्षे स्कूटर नंबर लावून मिळत असे. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. ती टंचाई संपली आणि पुण्यातल्या मध्यमवर्गाच्या हाती दुचाकी आली. यात त्या माणसाचा दोष काढण्यात अर्थ नाही. शहर कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीकडे पसरले, बससेवा त्या वेगाने वाढली नाही, आणि कामावर जायला स्कूटर हे स्वस्तात स्वस्त साधन ठरले. पण २०१८ पर्यंत शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा माणसांच्या आकड्याच्या पुढे गेला, आणि यातली असंख्य वाहने अठराव्या शतकातल्या बोळांत येऊन थांबू लागली. शहराने त्यावर जे उपाय केले ते बहुतेक गाडी चालती आणि उभी राहावी यासाठीच होते: एकेरी मार्ग, सम-विषम तारखांचे पी-१ आणि पी-२ पार्किंग, जुना वाडा पाडला की नव्या इमारतीकडून काही फूट मागे सरकण्याची अट. या शेवटच्या उपायाचे फळ सदाशिव पेठेत नीट पाहता येते. एक इमारत मागे सरकलेली, तिच्या शेजारचा वाडा अजून पुढे, त्याच्यापलीकडची इमारत पुन्हा मागे. दरम्यान मिळालेल्या कोनाड्यात चार दुचाकी उभ्या राहतात. रस्ता रुंद होत नाही, फक्त त्याची कड मोडते, आणि पदपथ सलग होण्याची शक्यताही जाते.

पदपथाची अवस्था जवळून पाहावी अशी आहे. दुकानाच्या पायऱ्या पुढे आलेल्या, त्यांच्यालगत विजेचा डीपी, मग पथारी, मग पदपथावरच चढवलेली दुचाकी, आणि मध्ये फरशी उचकटलेली. बाळाला कडेवर घेतलेली बाई किंवा काठी टेकत जाणारे आजोबा या पदपथावरून जाऊच शकत नाहीत. ते खाली रस्त्यावर उतरतात, आणि मग गाडीवाला त्यांच्यावर हॉर्न वाजवतो. देशात २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. हे लोक कोणाच्या वाटेत आले नव्हते. त्यांची वाट आपण काढून घेतली होती.

मोकळ्या केलेल्या बाजारपेठेचा पुण्यातला पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. तुळशीबागेत जावे. १७६१ च्या सुमारास नारो आप्पाजी खिरे यांनी राममंदिराचे काम सुरू केले आणि त्याच्या आवाराभोवती बाजार जमत गेला. भातुकली, पितळी देव, भांडी, बांगड्या, खोटे दागिने, रांगोळीचे साचे. गल्ल्या इतक्या निरुंद आहेत की मोटार आत येण्याचा प्रश्नच नाही, आणि तरी जिल्ह्याभरातून बायका खरेदीला इथेच येतात. गाडी दुकानापाशी आली नाही तर धंदा बसतो हे खरे असते, तर तुळशीबाग कधीच बंद पडायला हवी होती. घडले उलट. माणूस सावकाश चालतो, थांबतो, ज्यासाठी आला नव्हता तेही उचलून पाहतो, भाव करतो. दुकानदाराला हवे असते ते हेच, आणि ते घडायला गल्लीत गाडी नसावी लागते.

दुसरा पुरावा लक्ष्मी रस्त्याचाच आहे. अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणूक मंडईजवळच्या टिळक पुतळ्यापासून निघून बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीजच्या चौकाकडे जाते. चोवीस तासांहून अधिक काळ हा रस्ता केवळ माणसांचा असतो. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या येतात तेव्हाही पेठांतले मुख्य रस्ते वारकऱ्यांसाठी मोकळे केले जातात. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबापाशी मुक्कामाला असते. या दिवशी शहर बंद पडत नाही. पोलीस, पालिका आणि रहिवासी मिळून वाहतूक वळवतात, रुग्णवाहिकेला वाट काढून देतात, आणि याच रस्त्यावरून लाखो माणसे जातात. वाहतूक अभियंत्यांच्या हिशेबात साडेतीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला मिश्र वाहतुकीत सुमारे २ हजार माणसे जातात आणि पायी सुमारे १९ हजार. एका मोटारीला नुसते उभे राहायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. जागा कमी असेल तर ती कोणाला द्यावी, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

व्यापाऱ्यांची भीती मात्र खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. ज्याचे भाडे, नोकरांचे पगार आणि दिवाळीचा माल डोक्यावर आहे त्याने आपल्या गल्ल्यावर दुसऱ्यांचा प्रयोग का होऊ द्यावा? ही भीती जगभर व्यक्त झाली आहे. कोपनहेगनमध्ये १७ नोव्हेंबर १९६२ रोजी स्त्रॉयेट हा सुमारे ११०० मीटरचा बाजाररस्ता मोटारींना बंद करण्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा दुकानदारांनी धंदा बुडेल म्हटले. डेन्मार्कच्या थंडीत रस्त्यावर कोण हिंडणार, ही इटलीतल्यासारखी हवा नव्हे, असेही म्हटले गेले. दोन वर्षांत प्रयोग कायम झाला. १९६२ मध्ये शहरात मोटारमुक्त जागा होती सुमारे १६ हजार चौरस मीटर. १९९६ पर्यंत ती सुमारे ९६ हजारांवर गेली. व्यापाराचे नुकसान झाले असते तर सहापट वाढ कोणी होऊ दिली नसती. ब्राझीलमधल्या कुरितिबात महापौर जैमे लर्नर यांनी १९७२ मध्ये मुख्य बाजाररस्त्याचा पहिला तुकडा एका शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांत फरसबंद केला. दुकानदार चिडले होते. मोटारचालकांनी पुढच्या आठवड्यात गाड्या घेऊन रस्ता परत काढून घेण्याचा बेत केला, तेव्हा पालिकेने रस्त्यावर कागदाच्या लांबच लांब पट्ट्या अंथरल्या आणि शेकडो मुलांना चित्रे काढायला बसवले. गाड्या परत गेल्या. नंतर त्याच दुकानदारांनी हा रस्ता आणखी वाढवा अशी मागणी केली.

दुकानदाराचा अंदाज का चुकतो, याचेही उत्तर आहे. १९९१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये व्यापाऱ्यांना विचारले असता त्यांना वाटत होते की ५८ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येते. प्रत्यक्षात ते ३२ टक्के निघाले. पायी येणारे त्यांच्या मते २५ टक्के होते, प्रत्यक्षात ४४. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलमध्ये २००६ च्या पाहणीत अंदाज ४१ टक्के मोटारींचा होता, खरा आकडा २२. गाडीवाला पार्किंगवरून भांडतो म्हणून लक्षात राहतो. पायी येणारा शांतपणे माल घेऊन जातो.

याहून जड आक्षेप अमेरिकेचा आहे, आणि पादचारी रस्त्यांचे समर्थक तो टाळतात, हे मला योग्य वाटत नाही. मिशिगनमधल्या कलामझूने १९५९ मध्ये बाजाररस्ता मोटारींना बंद केला, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने १९६४ मध्ये. पुढच्या दोन दशकांत अनेक अमेरिकी शहरांनी त्यांचा कित्ता गिरवला आणि त्यांतले बहुसंख्य प्रयोग फसले. कलामझूने नव्वदच्या दशकाच्या शेवटी काही भाग गाड्यांना परत दिला, फ्रेस्नोने २०१७ मध्ये. पण ते का फसले? कारण तिथे मध्यभागात राहणारे लोक आधीच उपनगरांत गेले होते, मैलोगणती पसरलेल्या त्या उपनगरांतून गाडीशिवाय येणे शक्य नव्हते, आणि उपनगरांच्या कडेला नवी मॉल उभी राहत होती. रस्ता चालण्याजोगा केला, पण चालत येणारे उरले नव्हते. पुण्याच्या पेठांत परिस्थिती नेमकी उलटी आहे. इथे दुकानाच्या वर अजून घर आहे, घराखाली दूधवाला आहे, पलीकडे शाळा आहे, आणि आप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी जूनमध्ये शहरभरचे विद्यार्थी येतात. अमेरिकेच्या अपयशातून घ्यायचा धडा एवढाच, की मध्यभाग रिकामा व्हायच्या आत हे काम करावे. पेठांतले वाडे पाडून वर कार्यालये चढत आहेत आणि रहिवासी धूर व गोंगाटाला कंटाळून बाहेर पडत आहेत, म्हणून वेळही फार नाही.

लक्ष्मी रस्ता बंद केला तर सगळ्या गाड्या कुमठेकर रस्त्यावर आणि केळकर रस्त्यावर तुंबतील, हे पुढचे म्हणणे. काही तुंबतील, यात शंका नाही, आणि पहिले काही महिने त्या रस्त्यांवरच्या लोकांना त्रास होईल. पण रस्त्यावरची वाहतूक नळातल्या पाण्यासारखी ठरलेल्या मापाची नसते. रस्त्यांची जागा कमी केल्याच्या अकरा देशांतल्या सत्तरांहून अधिक उदाहरणांचा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मांडला, त्यात निम्म्या ठिकाणी आजूबाजूचे रस्ते धरूनही ११ टक्क्यांहून जास्त वाहतूक कमी झाली होती. लोकांनी वेळ बदलली, दोन कामे एका फेरीत उरकली, बस धरली, किंवा जवळच्या अंतराला गाडी काढली नाही. मालाच्या टेंपोचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. ज्युलियस सीझरच्या काळच्या कायद्याने रोममध्ये दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत बैलगाड्यांना बंदी होती, माल संध्याकाळी आणि रात्री येई; पेठांत सकाळी दहाच्या आत माल उतरवता येईल. भुसाराचा घाऊक व्यापार नाना आणि भवानी पेठेतून मार्केट यार्डात गेल्यावर सगळ्यांत जड ओझे तर केव्हाच बाहेर गेले आहे. रहिवाशांच्या गाड्यांना, रिक्षाने येणाऱ्या वृद्धांना आणि रुग्णवाहिकेला परवानगी ठेवावी लागेल. चांदणी चौकाचा अनुभव मात्र ध्यानात ठेवावा. दिल्लीत लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ मध्ये सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद झाला, गुलाबी दगड बसला, आणि मग नियम मोडणाऱ्या दुचाक्यांना रोज अडवणे जमेना. फरसबंदीला एकदाच पैसे लागतात, अंमलबजावणीला रोज माणूस लागतो. पथारीवाल्यांचेही तेच. २०१४ च्या कायद्याने त्यांना हक्क दिला आहे. मोकळ्या रस्त्यात त्यांची जागा आखून द्यावी, त्यांना हुसकावून मोकळा केलेला रस्ता पेठेचा राहणार नाही.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा उंबऱ्या गणपती ते गरुड गणपती हा भाग एका दिवसासाठी फक्त चालणाऱ्यांना दिला गेला. २९ सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई या दोन भुयारी स्थानकांवर मेट्रो थांबते. गाडीशिवाय पेठेत कसे यायचे, या प्रश्नाची मोठी बाजू तिथे सुटली. आता पालिकेने एक दिवसाचा सोहळा सोडून हाच तुकडा सलग एक वर्ष, दर शनिवारी आणि रविवारी, मालाची वेळ ठरवून आणि चौकाचौकात माणूस उभा करून चालणाऱ्यांना द्यावा. व्यापारी संघटनांनी विरोधाचे पत्रक काढण्याआधी त्या वर्षाच्या आपल्या विक्रीचा हिशेब ठेवावा आणि तो महापालिकेपुढे मांडावा. निर्णय त्या हिशेबावर व्हावा.